सोळा जागांचं गणित : जेटब्लूच्या ‘मिंट’ वर्गाची गोष्ट

१५ जून २०१४ रोजी जेटब्लू या अमेरिकन विमान कंपनीचं एक विमान न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावरून लॉस एंजेलिसला निघालं. त्याच्या पुढच्या भागात सोळा जागा होत्या आणि प्रत्येक जागेचा सपाट पलंग होत होता. ही कंपनी तोवर एकाच वर्गाची म्हणून ओळखली जायची. फेब्रुवारी २००० मध्ये डेव्हिड नीलमन यांनी ती सुरू केली तेव्हापासून ‘भाडं कमी, जागा चामड्याच्या, समोर टीव्ही आणि सगळे प्रवासी सारखे’ हीच तिची ख्याती. पुढे पडदा नाही, पडद्याआड बसलेले बडे लोक नाहीत. चौदा वर्षांनी त्याच कंपनीने पडदा लावला. वर्गाचं नाव ठेवलं ‘मिंट’.

या प्रकरणाबद्दल जे लिहिलं जातं त्यात पलंग, आइस्क्रीम आणि सरकत्या दारांचंच कौतुक जास्त असतं. ते सगळं होतंच, पण मला ही गोष्ट चैनीची वाटत नाही, भावाची वाटते. पलंग तर त्या मार्गावर इतरांनी आधीच आणले होते. जेटब्लूने आणला तो त्या पलंगाचा नवा भाव. प्रतिस्पर्ध्यांना तो भाव सहजासहजी का देता येत नव्हता, हेच या प्रकरणात पाहण्यासारखं आहे.

मार्ग मुळात कसा आहे

केनेडी ते लॉस एंजेलिस हे अंतर जवळजवळ चार हजार किलोमीटर. आपल्या हिशेबात सांगायचं तर मुंबईहून सिंगापूर. देशांतर्गत म्हणायचं, पण पश्चिमेकडे जाताना समोरून वारा असल्यामुळे सहा तास मोडतात, परत येताना पाचच्या आसपास. शिवाय दोन टोकांच्या घड्याळांत तीन तासांचा फरक. न्यूयॉर्कहून संध्याकाळी सहाला निघालेला माणूस तिथल्या घड्याळाप्रमाणे साधारण नऊला उतरतो, म्हणजे दिवसभर काम करून जाता येतं. उलटीकडचा प्रवास मात्र जीव काढतो. लॉस एंजेलिसहून रात्री दहाला निघा, पाच तासांनी न्यूयॉर्कमध्ये उतरा, तर तिथे सकाळचे सहा वाजलेले. नऊला मीटिंग. या रात्रीच्या विमानाला तिकडे ‘रेड-आय’ म्हणतात. डोळे लाल करणाऱ्या या पाच तासांत आडवं पडायला मिळालं तर दुसरा दिवस हाताला लागतो. पलंगाची किंमत इथे आहे, शँपेनमध्ये नाही.

आणि ही किंमत द्यायला गिऱ्हाईक तयार असतं. एका टोकाला वॉल स्ट्रीट, जाहिरात आणि माध्यमांचा धंदा, दुसऱ्या टोकाला हॉलिवूड. सॅन फ्रान्सिस्कोचा जोड मार्ग घेतला तर सिलिकॉन व्हॅली. म्हणून या मार्गावर वरच्या वर्गाचे प्रयोग फार जुने. अमेरिकन एअरलाइन्सने २५ जानेवारी १९५९ रोजी बोइंग ७०७ घेऊन इथली जेट सेवा सुरू केली. १९८७ मध्ये एमजीएम ग्रँड एअर नावाची कंपनी निव्वळ श्रीमंतांसाठी याच मार्गावर उतरली आणि काही वर्षांत आटोपली. २००४ मध्ये युनायटेडने ‘पी.एस.’ नावाने या मार्गांसाठी खास मांडणीची बोइंग ७५७ विमानं लावली. थोडक्यात, जेटब्लूने शोध कसलाच लावला नाही.

उलट ती सगळ्यांत शेवटी आली. २०१३–१४ मध्ये युनायटेडने आपल्या ७५७ विमानांत सपाट होणाऱ्या जागा बसवल्या होत्या. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकनने एअरबसच्या ए३२१ विमानाची खास आवृत्ती आणली. डेल्टाचंही तेच काम चाललं होतं. व्हर्जिन अमेरिकाकडे आठ ऐसपैस खुर्च्या होत्या, पण त्या पूर्ण आडव्या होत नव्हत्या. आणि जेटब्लूकडे यातलं काहीच नव्हतं.

अडचण नेमकी कुठे होती

केनेडी हे जेटब्लूचं माहेर. पश्चिम किनाऱ्यावर २००१ पासून लाँग बीचला तिचा तळ होता, पुढे खुद्द लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्कोलाही विमानं जायला लागली. घरच्या शहरातून निघणारे देशातले सर्वांत गजबजलेले लांब मार्ग आणि तिथेच कमाई धड नाही, अशी स्थिती होती. कारण साधं आहे. पाच कंपन्या एकाच मार्गावर भांडत असतील तर मागच्या जागांची भाडी खाली येणारच. बाकीच्या कंपन्या ती तूट पुढच्या जागांवर भरून काढत होत्या. जेटब्लूकडे विकायला फक्त मागच्या जागा होत्या.

पुढच्या जागांचे भाव मात्र तीन मोठ्या कंपन्यांमध्ये वरच टिकून होते. ऐनवेळी काढलेल्या तिकिटाला एका बाजूचे दोन हजार डॉलरच्या घरात पडायचे. हे भाव टिकण्याचं कारण, तिकिटाचे पैसे प्रवाशाच्या खिशातून जात नव्हते. बँक देते, वकिलांची फर्म देते, स्टुडिओ देतो. बड्या कंपन्यांचे विमान कंपन्यांशी वर्षावर्षाचे करार असतात आणि जगभर जाणारं जाळं असल्यामुळे ते करार अमेरिकन, डेल्टा किंवा युनायटेडलाच मिळतात. कलाकार संघटनेच्या करारांमध्ये पहिल्या वर्गाच्या प्रवासाची तरतूद असल्यामुळे हॉलिवूडची मागणीही ठरलेली. अमेरिकनने आपल्या खास विमानात बिझनेसच्याही पुढे दहा जागांचा स्वतंत्र पहिला वर्ग ठेवला होता, तो या गिऱ्हाइकांवर डोळा ठेवूनच.

या सगळ्यांच्या मधोमध एक माणूस सुटत होता. स्वतःचा छोटा धंदा असलेला, किंवा खिशातून पैसे खर्चणारा पण पन्नाशीला पाठीने दगा दिलेला. दोन हजार डॉलर द्यायची त्याची तयारी नव्हती आणि दोनशे डॉलरच्या खुर्चीत रात्र काढायचीही नव्हती. मधल्या भावाचं बाजारात काही नव्हतंच.

सोळा विरुद्ध सत्तेचाळीस

आता आकडे. जेटब्लूने तेव्हा ए३२१ विमान दोन मांडण्यांत घेतलं. एकात सगळ्या इकॉनॉमीच्या १९० जागा. दुसऱ्यात मिंटच्या १६ आणि मागे १४३, म्हणजे एकूण १५९. वरवर पाहता ३१ जागा गेल्या. पण खरी अदलाबदल वेगळी आहे. इकॉनॉमीच्या १९० पैकी १४३ राहिल्या, म्हणजे ४७ जागा काढून त्या ठिकाणी १६ बसवल्या. एका मिंट जागेने जवळजवळ तीन साध्या जागांचा गल्ला आणला पाहिजे.

समजा साध्या जागेचं एका बाजूचं भाडं २०० डॉलर. ४७ जागांचे होतात ९,४००. मिंटचं सुरुवातीचं भाडं जाहीर झालं होतं ५९९ डॉलरपासून पुढे. सोळा जागांचे होतात ९,५८४. जवळजवळ तोडीस तोड. पण २०० डॉलर धरणं हीसुद्धा जरा मेहेरबानीच. विमानातल्या शेवटच्या ४७ जागा सर्वांत स्वस्तात जातात, कित्येकदा रिकाम्याच जातात. त्यांना १५० डॉलर धरले तर ७,०५० होतात, आणि तेवढे मिंटच्या बारा जागा सर्वांत कमी भाड्याने विकूनही सुटतात. उरलेल्या चार जागा आणि ५९९ च्या वर घेतलेलं प्रत्येक डॉलर, हा वरचा पैसा. त्यातून जेवण, गाद्या-पांघरुणं आणि महागड्या खुर्च्यांचा खर्च वजा करायचा हे खरं. पण कर्मचाऱ्यांच्या किमान संख्येत फरक पडत नाही. अमेरिकन नियमाप्रमाणे १५९ जागांनाही किमान चार केबिन क्रू लागतात आणि १९० लाही चारच. पुढच्या वर्गाला नीट सेवा द्यायची तर जास्त लावावे लागतील, तो भाग वेगळा.

हा झाला जेटब्लूचा स्वतःशी हिशेब. प्रतिस्पर्ध्याशी हिशेब आणखी मजेदार आहे. अमेरिकनचं विमानही ए३२१ च. म्हणजे इंधन, वैमानिक, विमानतळाचं शुल्क, सगळं थोड्याफार फरकाने सारखं. पण अमेरिकनने त्यात एकूण १०२ जागा ठेवल्या होत्या: पहिल्या वर्गाच्या १०, बिझनेसच्या २० आणि बाकी ७२. एकाच जातीच्या विमानाचा खर्च इकडे १०२ जणांत वाटायचा आणि तिकडे १५९ जणांत. अमेरिकनला पुढच्या तीस जागा चांगल्या भावाने विकणं भागच होतं, मागे माणसंच नव्हती.

म्हणून जेटब्लूने ५९९ म्हटल्यावर अमेरिकनची पंचाईत झाली. त्याच भावाला यावं, तर जो बँकवाला आजवर मुकाट दोन हजार देत होता तोही सहाशेच देणार. न यावं, तर खिशातून पैसे देणारा माणूस समोरच्या काउंटरवर जाणार. जेटब्लूला असला पेच नव्हता, कारण जुन्या भावाने घेणारं तिचं गिऱ्हाईकच नव्हतं. ज्याच्या घरात काही नाही त्याला चोराची भीती नाही, तसला प्रकार. माझ्या मते मिंटच्या यशाचं निम्मं श्रेय या एका विषमतेला जातं, आणि खुर्ची बनवणाऱ्यांना उरलेल्या निम्म्यातलं.

खुर्ची

तरी खुर्चीबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण त्यात डोकं आहे. ए३२१ हे एका मार्गिकेचं विमान, आतून रुंदी पावणेचार मीटरसुद्धा नाही. त्यात साडेसहा फुटांचे पलंग बसवायचे म्हणजे सरळ ओळी लावल्या तर फार जागा खाल्ली जाते. जेटब्लूने उत्तर आयर्लंडमधल्या थॉम्पसन एअरो सीटिंगची रचना घेतली. पहिल्या ओळीत दोन्ही बाजूंना दोन-दोन जागा, दुसऱ्या ओळीत एक-एक, मग पुन्हा दोन-दोन. अशा पाच ओळी, चार-दोन-चार-दोन-चार, बेरीज सोळा.

एक-एकच्या ओळीत खुर्चीच्या दोन्ही अंगांना रुंद फळ्या असतात, वस्तू ठेवायला. त्या फळ्यांच्या खाली पोकळी. मागच्या ओळीतले दोघे झोपले की त्यांचे पाय त्या पोकळ्यांत शिरतात. आणि एकट्या प्रवाशाचे पाय पुढच्या ओळीतल्या दोघांच्या मधल्या पोकळीत. म्हणजे पायांसाठी वेगळी जागा द्यायचीच नाही, पुढच्याच्या टेबलाखाली ती आधीच असते. पलंगाची लांबी यातून सहा फूट आठ इंच निघाली.

एक-एकच्या चार जागांना जेटब्लूने सरकतं दार लावलं. देशांतर्गत विमानात दार असलेली जागा अमेरिकेत तोवर कुणी दिली नव्हती, अमेरिकनच्या पहिल्या वर्गातसुद्धा नाही. गंमत म्हणजे या चार जागांना सुरुवातीच्या काळात जास्त पैसे नव्हते. जो आधी निवडेल त्याची. साहजिकच जाणकार मंडळी आरक्षण उघडल्या उघडल्या त्यावर तुटून पडायची आणि उशिरा आलेल्याला ओळखदेख नसलेल्या शेजाऱ्याला ओलांडून स्वच्छतागृहात जावं लागायचं. ही ढिलाई होती की जाहिरातीचा भाग, सांगता येत नाही. पुढच्या पिढीच्या विमानांत मात्र सगळ्याच जागा एकेकट्या आणि दाराच्या झाल्या, आणि पहिल्या ओळीतल्या मोठ्या दोन जागांना ‘स्टुडिओ’ म्हणून जादा पैसे लागले.

जेवणातही विचार तोच, थोडक्यात मोठं दिसायचं. न्यूयॉर्कच्या सॅक्सन अँड पॅरोल या रेस्टॉरंटकडून छोट्या-छोट्या पाच पदार्थांची यादी, त्यातले तीन निवडायचे. ब्रुकलिनच्या ब्लू मार्बलचं आइस्क्रीम. चांदीच्या ट्रॉलीतून मटण कापून वाढण्याचा थाट नाही. छोट्या वाट्यांमुळे एवढ्याशा स्वयंपाकघरात सोळा जणांचं वेळेत उरकतं आणि खाणाऱ्याला निवडीचं सुख मिळतं.

काय दिलं नाही तेही बघण्यासारखं. विमानतळावर लाउंज नाही. केनेडीच्या टर्मिनल ५ मध्ये दोन हजार डॉलरवाल्याला जे हक्काचं असतं ते सहाशेवाल्याला मिळणार नव्हतं आणि त्याची त्याला फारशी फिकीरही नव्हती. नेहमीच्या प्रवाशांना फुकटात पुढे बसवायची पद्धतही नाही. बाकी कंपन्यांच्या देशांतर्गत पहिल्या वर्गात तेव्हा फुकट बढती मिळालेल्यांचीच गर्दी असायची. मिंटमध्ये बसायचं तर पैसे मोजायचे किंवा पॉइंट. जागा विकण्यासाठी होती, खूश करण्यासाठी नव्हती.

घरातला विरोध

शेअर बाजाराला हे सगळं लगेच पटलं असं नाही. त्या काळात जेटब्लूवर गुंतवणूकदारांचा राग होताच: प्रवाशांचे लाड फार करते, बॅगेचे पैसे घेत नाही, पाय पसरायला जागा जास्त देते. अशा कंपनीने विमानात पलंग घालायचे म्हटल्यावर भुवया उंचावणारच. मुख्याधिकारी डेव्हिड बार्जर फेब्रुवारी २०१५ मध्ये पायउतार झाले आणि रॉबिन हेज आले.

त्याआधी नोव्हेंबर २०१४ मध्ये कंपनीने जाहीर केलं की सर्वांत स्वस्त तिकिटात आता बॅग मोफत राहणार नाही आणि ए३२० विमानांत १५० ऐवजी १६५ जागा बसवल्या जातील. मिंट सुरू होऊन सहा महिनेही झाले नव्हते. पुढे पलंग आणि मागे दाटीवाटी, हे दोन्ही एकाच वर्षात. ‘सगळे प्रवासी सारखे’ म्हणणाऱ्या कंपनीच्या जुन्या भक्तांना यातलं दुसरं जास्त लागलं, आणि ते बरोबरही होतं. पडद्यामुळे त्यांचं काही गेलं नव्हतं, गुडघ्यासमोरच्या जागेमुळे गेलं.

पसारा वाढला

ऑक्टोबर २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जोडलं गेलं. तोट्याकडे झुकलेले मार्ग नफ्याकडे वळले, असं कंपनीचे अधिकारी जाहीरपणे सांगू लागले. मग एक चांगली युक्ती निघाली. शनिवारी कामासाठी प्रवास करणारे कमी, तेव्हा मिंटची विमानं पश्चिमेला रिकामी पाठवण्यापेक्षा ती हंगामात बार्बाडोस आणि अरूबाला पाठवली. आठवड्याभर बँकवाले आणि शनिवारी समुद्रकिनाऱ्यावर निघालेली जोडपी, खुर्ची तीच. या जोडप्यांनी दाखवून दिलं की पलंगाचं गिऱ्हाईक फक्त कोट-टायवालं नाही.

२०१६ मध्ये बोस्टनहून मिंट सुरू झालं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये व्हर्जिन अमेरिका विकायला निघाली. जेटब्लूने बोली लावली, पण अलास्का एअरलाइन्सने २.६ अब्ज डॉलरला ती उचलली. जेटब्लूने पैसे वाचले म्हणायचं आणि मिंटचा मोठा विस्तार जाहीर केला: सिएटल, सॅन डिएगो, लास व्हेगास, फोर्ट लॉडरडेल. अलास्काने व्हर्जिनच्या त्या ऐसपैस आठ खुर्च्यांच्या जागी साधा पहिला वर्ग आणला, पलंग आणलेच नाहीत. एक प्रतिस्पर्धी आपणहून बाजूला झाला.

बाकीच्यांनी मात्र हळूहळू भाव सोडले. जिथे जिथे मिंट गेलं तिथे डेल्टा वगैरेंनी सपाट जागांची विमानं लावली आणि आगाऊ घेतलेल्या तिकिटांचे दर खाली आणले. करारवाल्यांचे भाव वेगळे ठेवायचे, खिशातून देणाऱ्यांचे वेगळे, ही तोड त्यांना सापडली. युनायटेडने तर ऑक्टोबर २०१५ मध्ये केनेडी सोडलं आणि आपली ही सेवा नुअर्कला नेली. न्यू जर्सीच्या एडिसन-पिस्कॅटवे भागातल्या, कामासाठी सॅन फ्रान्सिस्कोला ये-जा करणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना ती घराजवळच आली, पण जेटब्लू-डेल्टा-अमेरिकन यांच्या कचाट्यातून ती सुटली हेही खरं.

जिथे गणित थांबलं

आता पडत्या बाजूकडे. पहिली अडचण ताफ्याची. १५९ जागांचं विमान आणि १९० किंवा पुढे २०० जागांचं विमान बाहेरून सारखं दिसलं तरी एकाच्या जागी दुसरं उभं करता येत नाही. मिंटचं विमान ऐन सकाळी बिघडलं आणि हाताशी साधं ए३२० असलं, तर सोळा जणांना साध्या खुर्चीत बसवून फरकाचे पैसे परत करायचे आणि त्यांच्या शिव्या खायच्या. मोठ्या कंपन्यांकडे खास विमानं भरपूर असतात, लहान कंपनीला ही चैन परवडत नाही. मिंटच्या विमानांची संख्या तीसच्या वर नेली त्यामागे हेही एक कारण असणार.

दुसरी अडचण मार्गाची. पाच-सहा तासांच्या प्रवासात पलंगाला भाव येतो. तीन तासांच्या प्रवासात तीच १६ विरुद्ध ४७ ची अदलाबदल अंगाशी येते, कारण तीन तासांसाठी तिप्पट पैसे देणारे थोडे. म्हणून मिंट लांबच्या मार्गांपलीकडे देशात फार पसरलं नाही. त्याने दिशा बदलली ती समुद्रापलीकडे. ११ ऑगस्ट २०२१ रोजी ए३२१एलआर विमान लंडनला गेलं, त्यात मिंटच्या २४ जागा. कल्पना तीच: बड्यांचे भाव वर आहेत, आपण खालून शिरू. पुढे पॅरिस, ॲमस्टरडॅम.

आणि तिसरी, जिच्यापुढे पहिल्या दोन किरकोळ. मिंट ठणठणीत असूनही कंपनी आजारी पडली. करोनानंतर २०२० ते २०२४ सलग पाच वर्षं तोटा, त्यातला २०२४ चा एकट्याचा ७९.५ कोटी डॉलर. अमेरिकनबरोबरची भागीदारी २०२३ मध्ये न्यायालयाने मोडली, स्पिरिट ही दुसरी विमान कंपनी विकत घ्यायचा बेत जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयानेच अडवला, प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांतल्या दोषामुळे नवी विमानं जमिनीवर उभी राहिली. विमानातल्या सोळा जागा चांगल्या चालतात म्हणून उरलेल्या १४३ जागांचा आणि शंभराहून जास्त साध्या विमानांचा धंदा सुधारत नाही. मिंटकडे बोट दाखवून ‘जेटब्लूने मोठ्यांना हरवलं’ असं म्हणणाऱ्यांनी ताळेबंदही उघडून बघावा.

दिल्ली–मुंबईचा संदर्भ

इंडिगोने १४ नोव्हेंबर २०२४ रोजी दिल्ली–मुंबई मार्गावर ‘स्ट्रेच’ नावाचा बिझनेस वर्ग सुरू केला तेव्हा अनेकांना मिंट आठवलं. साम्य आहेच. एकाच वर्गाची, स्वस्त भाड्याची, देशातली सर्वांत मोठी कंपनी पुढच्या भागात पडदा लावते. तेव्हा भाडं १८,०१८ रुपयांपासून होतं. पण ए३२१ मध्ये बारा जागा, दोन-दोनच्या, आणि त्या पाठ थोडी मागे जाणाऱ्या रुंद खुर्च्या आहेत, पलंग नाहीत.

हे बरोबरच केलं. दिल्ली–मुंबई उड्डाण दोन-सव्वादोन तासांचं, घड्याळ एकच. पलंग घातला तर उघडून मिटेपर्यंत उतरायची घोषणा होईल. इथला प्रवासी शेजारी मधलं माणूस नको, लॅपटॉप उघडता यावा, आधी उतरता यावं एवढ्यासाठी पैसे देतो. त्यामुळे एका पुढच्या जागेच्या बदल्यात मागच्या तीन सोडाव्या लागत नाहीत. भावाची कोंडीही वेगळी आहे. जेटब्लूसमोर तीन गब्बर कंपन्या चढा भाव धरून बसल्या होत्या. इंडिगोसमोर विस्तारा सामावून घेतलेली एअर इंडिया ही एकच, आणि विलीनीकरण पूर्ण झालं ते स्ट्रेच सुरू होण्याच्या दोनच दिवस आधी, १२ नोव्हेंबरला. मुहूर्त योगायोगाने साधला गेला असं मला वाटत नाही.

आता

जेटब्लूने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं की मिंट नसलेल्या विमानांतही दोन-तीन ओळींचा पहिला वर्ग येणार, दोन-दोन जागांचा, खुर्च्यांचा. लोकांनी त्याला लगेच ‘ज्युनियर मिंट’ म्हणायला सुरुवात केली. केनेडी आणि बोस्टनला लाउंज उघडायचंही त्याच वर्षी ठरलं. दहा वर्षांपूर्वी जे दोन खर्च मुद्दाम टाळले होते, लाउंज आणि छोट्या मार्गांवरचा वरचा वर्ग, तेच आता अंगावर घेतले. कारण फुकट बढतीचा जमाना मागे पडून डेल्टा आणि युनायटेड पुढच्या बहुतेक जागा रोख विकू लागल्या आहेत, आणि नफा तिथूनच येतो हे त्यांचे तिमाही आकडे सांगतात.

अमेरिकनने १०२ जागांच्या त्या विमानांची मांडणी बदलायचा निर्णय घेतला. त्यांच्या जागी आणायच्या ए३२१एक्सएलआर मध्ये एकूण १५५ जागा, पुढे दाराच्या वीस, स्वतंत्र पहिला वर्ग नाही. १५९ च्या किती जवळ आले ते बघा. विमानाचा खर्च वाटून घ्यायला आता दोघांकडेही जवळजवळ सारखीच माणसं आहेत, आणि त्यामुळे २०१४ मध्ये जेटब्लूला मिळालेली ती मोकळीक या मार्गावर उरलेली नाही.